ठरावाच्या विरोधात

कुंडीखालची बशी भरून पाणी फरशीवर आलं होतं आणि त्यात तिचा पाय पडला. झालं ते एवढंच. आईच्या पलंगालगत, खिडकीखाली ती कुंडी. तिला पाणी घालायचं काम लेकीचं, आणि कामाच्या धबडग्यात लेकीनं आठवडाभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तरी माती चिखलासारखी ओली, आणि पानं अशी टवटवीत की बघणाऱ्याला हेवा वाटावा. स्टुलावर रात्री भरून ठेवलेली पाण्याची बाटली रिकामी होती. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपेचं सोंग घेऊन पडली होती. आईची सोंगं लेकीला पाठ होती. ओला मोजा पायात तसाच ठेवून ती उभी राहिली, आणि सावकाश, झोपेतून जागं होताना एखादी गोष्ट कळत जावी तसं तिला कळत गेलं. आई पाणी पीतच नाही. दिवस कलला की घोटभरसुद्धा नाही. प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठायचं म्हणजे लेकीला हाक मारायची. लेकीनं डोळे चोळत यायचं, काखेत हात घालून उचलायचं, उचलताना तिच्या कमरेतून कळ जायची, आणि ती तोंडावाटे बाहेर पडू नये म्हणून लेक ओठ दाताखाली धरायची. ते दाताखाली धरलेले ओठ आईनं अंधारातही पाहिले होते तर. “आई, पाणी संपवलंस का गं?” तिनं विचारलं. “हो तर,” भिंतीकडून उत्तर आलं, “चांगलं गार होतं.” तिनं फडकं आणलं, फरशी पुसली, बशी रिकामी केली आणि मोजे बदलले.

दुपारी सभागृहात पोचली तरी तो पाय तिला ओलाच वाटत होता. महिन्यातल्या एका शनिवारी विद्यापीठाच्या या जुन्या सभागृहात माजी विद्यार्थी मंडळाची धोरणचर्चा भरते. एके काळी याच बाकांवर पेंगलेली, याच बाकांवर कर्कटकानं नावं कोरलेली पोरं आता डोक्यावर चांदी आणि कानात यंत्रं घेऊन येतात, आणि दोन चहांच्या मध्ये देशाचे कर, शहराचं पाणी, शाळांच्या परीक्षा, जे हाताला लागेल ते मार्गी लावून घरी जातात. शेवटी हात वर करून मतदान होतं, ठराव होतो, तो रीतसर सरकारकडे जातो आणि सरकारकडून रीतसर पोच येते. याला हसणारे पुष्कळ. हसत हसत दर महिन्याला न चुकता येणारेही पुष्कळ. ती हसत नसे. विद्यार्थी असताना वादसभांची घंटी तिच्या हातात असायची, वेळ संपली की पाहुणा कितीही मोठा असो, टण्णकन वाजवून त्याला खाली बसवायची, म्हणून वर्गानं तिचं नावच घंटी पाडलं होतं. आता ती या चर्चांची सूत्रसंचालक. दोन अंगांना दोन वक्ते आणि मध्ये ती. ही चर्चा ज्यांनी सुरू केली ते म्हातारे सर जाताना सांगून गेले होते की मधल्या खुर्चीत बसणाऱ्यानं आपलं मत घरी ठेवून यावं. तिची अडचण अशी की घरी जाऊन शोधलं तरी ते सापडत नसे.

पोटासाठी ती एका संशोधन संस्थेत धोरणांचे अहवाल लिहायची, आणि त्या अहवालांच्या पानापानावर एक ‘एकीकडे’ असायचं आणि त्याच्याखाली एक ‘दुसरीकडे’. साहेब खूश असायचे. असं लिहिणारं माणूस कधी कुणाला गोत्यात आणत नाही. तरुणपणी एका चांगल्या माणसानं तिला लग्नाचं विचारलं होतं, तळ्याकाठच्या बाकावर बसून, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तेव्हा तिनं त्याला दोन्ही बाजू अगदी नीट समजावून सांगितल्या होत्या. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, “विचार कर, घाई नाही,” म्हणाला, आणि पुढच्या वर्षी दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. तिला त्याचा राग आला नाही. त्याचीही बाजू तिला पटत होती. हे आठवलं की ती स्वतःशीच हसायची आणि हसता हसता छातीत कुठंतरी खुपायचं, पण खुपतंय म्हणून हसणं थांबवावं असंही तिला वाटत नसे.

आई दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला, डॉक्टरांनी जोडला, पण तो नीट बसला नाही; तेव्हापासून आई चाकांच्या खुर्चीत आणि लेक त्या चाकांच्या मागं. दादा परदेशात. रोज फोनवर दिसायचा, चापूनचोपून भांग पाडलेला, आणि त्याच्या खांद्यामागं त्याच्याकडची सकाळ. त्यानं तिकडं बसून इकडची एक संस्था शोधून काढली होती. शहराबाहेर, झाडीत, रात्री बेल दाबली की दोघी जणी येतात, उचलायला यंत्र आहे, प्रत्येकाला खिडकी आहे. “मी तिला टाकतोय असं समजू नकोस, चिमे,” तो म्हणायचा. “तुझी पाठ गेली तर दोघींना कोण उचलणार? मी इथून?” त्याचं बरोबर होतं. दुसरीकडे आईची ही खोली होती, तिचं ते सकाळचं ऊन होतं, समोरच्या दारातले काका होते, जन्मभर बस चालवलेले, जे रोज दुपारी येऊन आईकडून पत्त्यांत हरून जायचे. हे सगळं सोडून तिला कुठं नेऊन ठेवायचं? आणि ठेवलं तर आपण कोण ठरलो? “विचार करते,” ती दादाला म्हणायची. विचार करता करता एक उन्हाळा गेला.

मग मंडळाच्या बैठकीत पुढच्या विषयांची चर्चा चालू असताना तिनं, आवाज अगदी कोरडा ठेवून, एक विषय सुचवला: ‘परावलंबी वृद्धांची शुश्रूषा घरीच व्हावी आणि शासनानं त्यासाठी घराला साहाय्य करावं.’ सगळ्यांना आवडला. आमच्या वयाचा विषय, कुणीतरी म्हणालं. आणि त्याच बैठकीत, चहाचा कप ओठाशी असताना, तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं की सभागृह म्हणेल ते करायचं. ठराव मंजूर झाला तर आई घरी राहील आणि दादाला नाही म्हणून सांगायचं. फेटाळला गेला तर त्याला हो कळवायचं. लोक नाणं उडवतात, तिनं अख्खं माजी विद्यार्थी मंडळ उडवलं. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पण तिला खरंच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे जाणकार, दोघांना सारखा वेळ, समोर शिकलीसवरलेली माणसं, चोख मतमोजणी. आपल्या एकटीच्या भिरभिरत्या डोक्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या रात्री तिला फार दिवसांनी शांत झोप लागली होती. आणि आज तो शनिवार उजाडला होता, आणि सकाळी सकाळी तिचा पाय पाण्यात पडला होता.

लोक यायला लागले तेव्हा दादाचा फोन आला. “सोमवारी संस्थेला कळवायचंय, लक्षात आहे ना? जागा किती दिवस अडवून ठेवतील ते?” “आज संध्याकाळी सांगते.” “आज? नक्की?” त्याला खरं वाटेना. “काय झालं, आईशी बोललीस?” माइकवाला तारा ओढत होता, समोर कुणीतरी कुणाला तरी वीस वर्षांनी भेटून पाठीवर थापा मारत होतं. “नाही,” ती म्हणाली, “आईला उगाच कशाला त्यात ओढायचं? तिला लागेल ते.” “हो, तेही खरंच,” दादा म्हणाला. दोघंही इतके समजूतदार होते.

चर्चा सुरू झाली. घराच्या बाजूनं तिचाच वर्गमित्र होता, अर्थतज्ज्ञ. त्याला कॉलेजपासून सगळे टक्के म्हणत, कारण तो चहात साखर किती घालायची तेसुद्धा टक्क्यांत सांगायचा. समोरून वृद्धांची डॉक्टर, वयानं बरीच लहान, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, बोलताना टेबलावर बोट आपटणारी. टक्क्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की घरी शुश्रूषा झाली तर दर माणसामागं शासनाचे निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. “वाचतात म्हणजे?” डॉक्टर उसळली. “तुम्ही घर म्हणता तेव्हा त्या घरात कोण असतं हो? एक बाई असते. तुमच्या आकड्यांत ती फुकट धरलीय.” टाळ्या पडल्या. “आणि तुमच्या संस्थेत कोण असतं? तीच बाई, फक्त पगारावर,” टक्के म्हणाले, आणि त्यालाही टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच हातांच्या. मागून एक पिकलेला आवाज आला, “सूत्रसंचालक, या विषयात आमचेच हितसंबंध गुंतलेत. आम्ही मत द्यायचं की निमूटपणे उठून जायचं?” सभागृह खो खो हसलं. तीही हसली, घंटी वाजवली, पुढच्याला वेळ दिला. तिचा हात हे सगळं आपोआप करत होता.

ती मात्र तिथून सुटत चालली होती. उंचावरच्या खिडक्यांतून उतरलेलं ऊन बाकांवर पडलं होतं आणि त्यात धूळ इतक्या संथपणे वर-खाली होत होती की तिच्याकडे बघताना कानात दडे बसावेत तसं झालं. टक्के आणि डॉक्टर दोघंही पाण्याखालून बोलायला लागले. शुश्रूषा, शुश्रूषा, असा शब्द येत होता आणि फुटत होता. आई याच सभागृहात शिकली होती. त्या वेळी भूगोलाला तिच्या वर्गात तीनच मुली. ती तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची म्हणे. ती पुढं नकाशा कार्यालयात लागली, आणि शाळेला सुट्टी असली की लेकीला घेऊन जायची. उतरत्या पाठीची मोठाली टेबलं, शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, आणि टेबलाखाली, आईच्या पावलांशी, तिची जागा. वर आईचा हात डोंगराच्या उंचीच्या रेषा ओढत असायचा. सारख्या उंचीची सगळी ठिकाणं एका रेषेवर. “या रेषा एकमेकींना कापत का नाहीत गं?” “कापतील कशा? एकच जागा दोन उंचींवर असेल का?” आई हसून म्हणायची, आणि तो हात जराही न थरथरता कागदभर फिरून जिथून निघाला तिथं परत यायचा. ते बघता बघता टेबलाखाली तिला झोप लागायची, जगातली सगळ्यात गाढ झोप, आणि जाग यायची तेव्हा ती आईच्या खांद्यावर असायची, बसमध्ये नाही तर जिन्यात. आईनं कधी उचललं ते तिला कधीच कळलं नाही. कधी ‘आई गं’ म्हणाली असेल का ती? तिची कंबर दुखली असेल का? हे तिच्या मनात आजवर कसं आलं नाही याचं तिला एकदम इतकं नवल वाटलं की समोरचा डॉक्टरचा पाण्याचा पेला तिनं उचलून घटाघटा पिऊन टाकला.

आताशा ती आईला स्टुलावर बसवून आंघोळ घालते तेव्हा आई डोळे मिटून घेते. लाजून नव्हे; लेकीला लाजायला लागू नये म्हणून. पाठीवर पाणी सोडलं की ती विचारते, “तुझ्या अहवालाचं काय झालं?” जसं काही दोघी चहा पीत बसल्यात. आणि लेक पाठ चोळत तिला एकीकडे आणि दुसरीकडे सांगत राहते. दोघींनी मिळून हा खेळ मांडलाय. आई पाणी प्यायल्याचं सांगते, लेक पाठ दुखत नसल्याचं सांगते, दादा सगळं ठीक होईल असं सांगतो, आणि त्या घरात इतकं प्रेम कोंबून भरलंय की एक खरं वाक्य ठेवायला जागा उरलेली नाही. एकदा, मागच्या महिन्यात, आईला उचलताना तिला वाटलं होतं, वाटलं काय, अगदी स्पष्ट शब्दांत आलं होतं मनात: सुटेन का मी यातून? आणि लगेच तिनं आईला इतक्या जपून पलंगावर ठेवलं, पांघरूण इतकं नीट खोचलं, की आईनं विचारलं, “काय गं, बरं आहे ना तुला?” ती बरी होती. ती रागावली होती, दमली होती, आईवाचून जगायचं कसं ते तिला माहीत नव्हतं, आणि हे सगळं एकदम एकाच जागी होतं.

“घंटी,” टक्के कुजबुजले, “माझी वेळ केव्हाच संपली. वाजव की.”

तिनं वाजवली, वर पाहिलं, तोच सभागृहाचं मागचं दार उघडलं. इतक्या वर्षांच्या चर्चांतून पोचेखेरीज हाती लागलेली एकच गोष्ट म्हणजे त्या दाराबाहेरचा उतार; सार्वजनिक इमारतींत चाकांच्या खुर्च्या जायला हव्यात असा ठराव झाला, सरकार ढिम्म हललं नाही, तेव्हा सभासदांनी लाजेखातर आपल्याच सभागृहाला तो बांधून घेतला होता. त्या उतारावरून काका आईला घेऊन आत आले. खुर्ची त्यांनी शेवटच्या बाकाशी सफाईनं वळवून भिंतीला लावली, बस लावावी तशी, आणि स्वतः शेजारी हात बांधून उभे राहिले. आईनं बाहेर जायचे कपडे घातले होते. केस विंचरलेले, पण भांग वाकडा. काकांनीच विंचरले असणार. तिनं लेकीकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला सभेत दुरून हलवतात तशी, आणि चष्मा पुसून डॉक्टरकडे बघायला लागली.

निमंत्रणाचं कार्ड घरी येताच लेकीनं रद्दीखाली सारलं होतं, पण आई मंडळाची आजीव सभासद होती, उपस्थितांत वयानं सगळ्यात मोठी, आणि निमंत्रण हल्ली फोनवरही जातं. मोबाइल क्रमांकांची ती यादी तिनं स्वतःच अद्ययावत करून घेतली होती. हसावं की रडावं! म्हणजे आईनं विषय वाचला होता. केव्हा? आणि वाचून बोलली का नाही? तिला आईचा भयंकर राग आला. असं कुणी येतं का? न सांगता, न विचारता, सगळ्या लोकांत? मग तिला वाटलं, बरं झालं, आपल्या आईनं ऐकावं तरी लोक काय म्हणतात ते. मग वाटलं, तिच्या कानावर हात ठेवावेत आणि तिला घेऊन पळत सुटावं. वाटण्याला काही धरबंधच राहिला नव्हता. समोर एक निवृत्त न्यायाधीश बोलायला उभे राहिले होते; आपल्या आईला आपण शेवटपर्यंत घरी सांभाळलं असं ते सांगत होते, आवाज भरून आला होता, आणि त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको एकटक छताकडे बघत होती. डॉक्टरच्या ते लक्षात आलं.

मग मतदान. सरांनी घालून दिलेले नियम तिनं नेहमीप्रमाणे सांगितले. हात पूर्ण वर हवा, अर्धामुर्धा नको. आणि वर केलेल्या हाताला कारण विचारायचं नाही. मोजायचीही सरांची पद्धत होती. सूत्रसंचालकानं खाली उतरायचं, मधल्या वाटेनं चालत जायचं आणि प्रत्येक बाकाला हात लावून मोजायचं, म्हणजे कुणी दोनदा मोजलं जात नाही आणि कुणी राहत नाही. “ठरावाच्या बाजूनं,” ती म्हणाली, “म्हणजे शुश्रूषा घरीच व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी.” हातच हात वर झाले. न्यायाधीशांचा पहिला. ती बाकाला हात लावत पुढं जात राहिली, लाकूड उन्हानं कोमट होतं, आकडा वाढत होता, आणि अर्ध्यावर येईतोच तिला कळलं की ठराव मंजूर झाला. आई घरी राहणार. तिचा जीव भांड्यात पडला. इतका सुटल्यासारखा श्वास तिनं सोडला की पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. आणि दुसऱ्याच पावलाला कमरेतून तीच ती ओळखीची कळ उठून गुडघ्यापर्यंत गेली, आणि पुढची सगळी वर्षं एका रांगेत तिच्यासमोर उभी राहिली, प्रत्येक रात्र, प्रत्येक उचलणं. ती बाकाला धरून थोडी थांबली. मग पुढं झाली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आईकडे न बघता, आणि परत आली. टक्क्यांनी आकडा लिहून घेतला.

“ठरावाच्या विरोधात.” थोडे हात. डॉक्टरच्या ओळखीचे काही तरुण, दोन नर्सबाई, आणि न्यायाधीशांची बायको. तिनं हात वर केला तेव्हा न्यायाधीशांनी आधी हाताकडे पाहिलं आणि मग बायकोकडे, जणू दोन्ही आजच पाहत होते. ती मोजत मोजत मागं आली. शेवटच्या बाकाला हात लावला. आणि भिंतीशी, चाकांच्या खुर्चीत, आईचा हात वर होता. पूर्ण वर, कोपर ताठ, जराही न थरथरता.

तिला वाटलं आईला समजलं नसेल. बाजूनं कोणतं, विरोधात कोणतं, गोंधळ झाला असेल, वय झालंय. पण आई तिच्याकडेच बघत होती, आणि त्या डोळ्यांत कसलाही गोंधळ नव्हता. आईला जायचंय. हे वाक्य तिच्या डोक्यात इतकं सरळ, इतकं एकटं उभं राहिलं की त्याच्या शेजारी दुसरीकडे काही ठेवताच येईना. इतके महिने ती ठेवू का पाठवू, पाठवू का ठेवू करत होती, दादा करत होता, आता तर अख्खं सभागृह करून बसलं होतं. आणि आई आपण होऊन उठून जाऊ शकते, आईचंही काही म्हणणं असू शकतं, हे जगातल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नव्हतं, तिच्या तर नाहीच. एवढं केलं तुझ्यासाठी, आणि तू मला सोडून निघालीस? असं तिला ओरडावंसं वाटलं. लहान पोरीसारखं. आणि त्याच्याच पाठोपाठ पाठीत काहीतरी सैल झालं, मोकळं झालं, आणि त्या मोकळं होण्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. तो हात तिनं मोजला नाही. वळली आणि व्यासपीठाकडे चालायला लागली.

“सूत्रसंचालक,” मागून आवाज आला, वादसभेत विचारतात तसा, खणखणीत, “एक हात राहिलाय.”

सगळ्या माना मागं वळल्या. ती थांबली. मग परत गेली, शेवटच्या बाकापाशी उभी राहिली. “आई,” तिनं हळूच विचारलं, पण त्या सभागृहात हळू असं काही नसतं, ते सगळ्यांनी ऐकलं, “का गं?”

“हाताला कारण विचारत नाहीत,” आई म्हणाली. “तुमचे सर असते तर तुला खाली बसवलं असतं.” कुणीतरी हसलं, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झालं. काका छताचे पंखे न्याहाळत होते. आईनं हात खाली घेतला नव्हता. आता मात्र तो बारीक थरथरायला लागला होता, आणि ती थरथर थांबवायला तिनं दुसऱ्या हातानं कोपर धरलं. “मोज, बाळा,” ती म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात. “मला काय हवंय ते मला माहीत आहे. तुला कुणी दोष देणार नाही, मीसुद्धा नाही.”

तिथं हात लावायला बाक नव्हतं. तिनं चाकांच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला. दांडी गार होती. दादाला संध्याकाळी काय सांगायचं ते आता तिला माहीत होतं, आणि ते या बाकांनी ठरवलं नव्हतं. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत होती, सगळ्यांसमोर, मधल्या खुर्चीत बसणाऱ्याला शोभत नाही तसं.

“किती झाले गं?” टक्क्यांनी व्यासपीठावरून विचारलं, पेन उचलून. “विरोधात एकूण किती?”

“एक,” ती म्हणाली.

“अगं, एक कसं? मला इथूनच तेरा-चौदा दिसतायत.”

“एकच,” ती म्हणाली, आणि इतका वेळ वर धरून भरून आलेला आईचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली आणला.